मराठीतला एक ‘चांगला’ आणि इंग्रजीतले ‘गुड’ व ‘वेल’

प्रश्न निफाड तालुक्यातील एका तरुणाचा आहे. त्याचे सगळे शिक्षण मराठी माध्यमातून झाले. बी.कॉम. झाल्यावर तो द्राक्षांच्या एका पॅकहाउसमध्ये कामाला लागला आणि यंदापासून परदेशी खरेदीदारांना ईमेल लिहिण्याचे काम त्याच्याकडे आले. त्याने लिहिलेल्या एका ईमेलचा मासला त्याने प्रश्नासोबत पाठवला आहे, तो असा : “अवर ग्रेप्स आर टू स्वीट. अवर वर्कर्स वर्क हार्डली. दे चेक केअरफुली एव्हरी बंच अँड पॅक गुड इन फाइव्ह किलोज बॉक्स. प्लीज रिप्लाय फास्टली.” वरिष्ठांनी ‘इंग्रजी सुधारा’ एवढाच शेरा मारला. काय चुकले ते कोणी सांगितले नाही. तो विचारतो, “मॅडम, शब्दाला ‘एलवाय’ कधी लावायचे आणि कधी नाही, याचा एखादा पक्का नियम आहे का?”

नियम आहे, पण तो ‘एलवाय’चा नाही. नाशिकमध्ये सत्तावीस वर्षे इंग्रजी शिकवताना, आधी तालुक्याच्या शाळेत आणि आता संध्याकाळच्या वर्गात, मी हा प्रश्न दर वर्षी ऐकत आले आहे. शब्दाच्या शेपटाकडे बघून विशेषण आणि क्रियाविशेषण ओळखू पाहणारा विद्यार्थी हमखास फसतो, असा माझा अनुभव आहे. शब्द वाक्यात कोणाला चिकटला आहे, हे आधी पाहावे लागते. नामाला चिकटला असेल तर विशेषण, आणि क्रियापदाला, दुसऱ्या विशेषणाला किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाला चिकटला असेल तर क्रियाविशेषण. ही व्याख्या तुम्ही शाळेत पाठ केलेली आहे, आणि तरीही चूक होते. ती का होते हे समजून घेतले, तर निम्मे काम झाले.

चुकीचे मूळ आपल्या मराठीत आहे. ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’, ‘ते चांगले गातात’ ही तीन वाक्ये पाहा. ‘चांगला’ हा शब्द येथे गाण्याविषयी, म्हणजे क्रियेविषयी सांगतो आहे, पण त्याचे रूप मात्र गाणाऱ्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते आहे. ‘त्याने ट्रॅक्टर चांगला चालवला’ आणि ‘त्याने गाडी चांगली चालवली’ या वाक्यांत तर तो कर्माचे लिंग घेतो. सांगायचे आहे चालवण्याबद्दल, आणि कपडे घातले आहेत ट्रॅक्टरचे नाहीतर गाडीचे. ‘ती चांगली गायिका आहे’ या वाक्यातही शब्द तोच, ‘चांगली’. आपल्या कानाला दोन्हींत काही फरक जाणवत नाही, कारण मराठीने तो फरक रूपात दाखवलेलाच नाही. इंग्रजी तो दाखवते. ‘शी इज अ गुड सिंगर’, पण ‘शी सिंग्ज वेल’. मराठीतून विचार करणारा माणूस दोन्हीकडे ‘गुड’ म्हणणार, हे ओघानेच आले. त्यात त्याच्या बुद्धीचा काही दोष नाही.

शाळेत आणखी एक युक्ती शिकवली जाते : क्रियापदाला ‘कसे’ असा प्रश्न विचारा आणि उत्तर येईल ते क्रियाविशेषण. मी ती युक्ती वर्गात वापरणे सोडून दिले आहे. ‘ती कशी गाते’ असे विचारले की ‘चांगली’ हे उत्तर येते, आणि ‘ती कशी आहे’ असे विचारले तरी ‘चांगली’ हेच उत्तर येते. ‘कसा-कशी-कसे’ हा शब्द स्वतःच लिंगवचनाप्रमाणे फिरतो, तेव्हा तो फरक दाखवणार कुठून?

त्याऐवजी मी दुसरी कसोटी सांगते. मराठी वाक्यात त्या शब्दाच्या जागी ‘-पणे’ किंवा ‘रीतीने’ लावून पाहा. ‘ती चांगल्या रीतीने गाते’ हे थोडे पुस्तकी झाले तरी अर्थ टिकतो. म्हणून इंग्रजीत क्रियाविशेषण हवे : ‘वेल’. ‘ती चांगल्या रीतीने गायिका आहे’ हे वाक्य उभेच राहत नाही. म्हणून विशेषण : ‘गुड’. तुमच्या ईमेलमध्ये कामगार घड चांगल्या रीतीने पॅक करतात. तेव्हा ‘पॅक गुड’ चूक आणि ‘पॅक इट वेल’ बरोबर.

ही कसोटी जेथे खरी उपयोगी पडते, ती जागा वेगळी आहे. मिसळीच्या हॉटेलात बसले आहोत आणि समोर तर्रीची वाटी आली आहे अशी कल्पना करा. ‘वास छान येतो’, ‘चव छान लागते’, ‘रंग झणझणीत दिसतो’ असे आपण म्हणतो. येथे ‘येतो’, ‘लागते’, ‘दिसतो’ ही क्रियापदे आहेत, म्हणून विद्यार्थी क्रियाविशेषण लावायला जातो आणि ‘द मिसळ स्मेल्स वेल’ किंवा ‘द ग्रेप्स टेस्ट स्वीटली’ असे लिहितो. नियम अर्धवट कळलेला विद्यार्थी ही चूक अधिक करतो. मुळीच न शिकलेला ‘स्मेल्स गुड’ म्हणून बरोबर सुटतो! कसोटी लावा : ‘द्राक्षे गोड रीतीने लागतात’ याला काही अर्थ आहे का? नाही. गोडपणा द्राक्षांचा आहे, लागण्याचा नव्हे. म्हणून ‘द ग्रेप्स टेस्ट स्वीट’. दिसणे, वाटणे, वास येणे, चव लागणे, ऐकू येणे, होणे, राहणे या अर्थाची इंग्रजी क्रियापदे, म्हणजे लुक, सीम, फील, स्मेल, टेस्ट, साउंड, बिकम, रिमेन, ही नाम आणि विशेषण यांच्यामधला पूल असतात. त्यांच्या जागी ‘इज’ किंवा ‘आर’ घालून वाक्य टिकते का, ही आणखी एक सोपी खूण. ‘द ग्रेप्स आर स्वीट’ टिकते.

पण हीच क्रियापदे काही वेळा खरे काम करतात, आणि तेव्हा पूल नाहीसा होतो. ‘शी लुक्ड अँग्री’ म्हणजे ती रागावलेली दिसली. ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट द कंडक्टर’ म्हणजे तिने कंडक्टरकडे रागाने पाहिले. पहिल्या वाक्यात राग तिच्या चेहऱ्यावर आहे, दुसऱ्यात तो पाहण्याच्या क्रियेत उतरला आहे. ‘द बायर टेस्टेड द ग्रेप्स केअरफुली’ या वाक्यात खरेदीदार चव घेतो आहे, ते त्याचे कृत्य आहे, म्हणून ‘केअरफुली’. वाचनालयाच्या भिंतीवर ‘कीप क्वाएट’ लिहिलेले असते, ‘क्वाएटली’ नव्हे, याचे कारणही आता तुमच्या लक्षात येईल : शांत व्हायचे आहे ते तुम्हाला.

याच्याच शेजारी एक बारीक पण सुंदर बाब आहे. ‘त्यांनी भिंत पांढरी रंगवली’ याचे इंग्रजी ‘दे पेंटेड द वॉल व्हाइट’ असे होते. ‘व्हाइट’ येथे रंगवण्याची पद्धत सांगत नाही, रंगवून झाल्यावर भिंत कशी झाली ते सांगते. ‘पोळी पातळ लाट’ म्हटल्यावर पोळी पातळ होते. ‘पोळी भराभर लाट’ म्हटल्यावर पोळी काही भराभर होत नाही, लाटणे भराभर होते. पहिल्या ठिकाणी इंग्रजी विशेषण घेते, दुसऱ्या ठिकाणी क्रियाविशेषण. क्रिया संपल्यावर तो गुण वस्तूत शिल्लक राहतो का, एवढे विचारले की पुरते.

आता तुमच्या ‘एलवाय’कडे येते. हे शेपूट मुळात शेपूट नव्हते. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘लिक’ नावाचा एक शब्द होता, त्याचा अर्थ देह, रूप. नामाला तो जोडला की ‘त्याच्या रूपाचा’ असा अर्थ होई. ‘फ्रेंडली’ म्हणजे मित्राच्या रूपाचा, आपल्या भाषेत ‘मित्रासारखा’. ‘सारखा’ या अर्थाचा इंग्रजीतला ‘लाइक’ हा शब्दही त्याच घराण्यातला आहे. म्हणून नामाला ‘एलवाय’ लागले की बहुधा विशेषण तयार होते : फ्रेंडली, कॉस्टली, काउअर्डली, ब्रदर्ली, टाइमली. ‘ही स्पोक फ्रेंडली’ हे म्हणूनच चूक. ‘ही स्पोक इन अ फ्रेंडली वे’ असे लांबून जावे लागते. विशेषणाला ‘एलवाय’ लागले की मात्र बहुधा क्रियाविशेषण होते : केअरफुली, क्वाएटली, स्लोली. नामाला लागले की विशेषण, विशेषणाला लागले की क्रियाविशेषण : तुम्हाला पक्का नियमच हवा असेल तर हा घ्या. डेली, वीकली, मंथली हे शब्द दोन्ही कामे करतात, आणि ‘अर्ली’ही करतो.

मग ‘हार्ड’, ‘फास्ट’, ‘लेट’ यांना शेपूट का नाही? त्याच जुन्या इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी एक लहानसा स्वर जोडून क्रियाविशेषण करण्याची रीत होती. पुढच्या काही शतकांत शेवटचे स्वर उच्चारातून गळून गेले, आणि विशेषण व क्रियाविशेषण एकसारखेच दिसू लागले. बहुतेक शब्दांनी मग ‘एलवाय’चा आधार घेतला. काहींनी घेतला नाही. घाटरस्त्यावर ‘गो स्लो’ची पाटी दिसते, ती त्या जुन्या रीतीची खूण आहे. तिला अशुद्ध म्हणून हसू नये. ‘फास्ट’ला तर शेपूट टिकलेच नाही. ‘फास्टली’ असा शब्द प्रमाण इंग्रजीत चालत नाही, आणि तरीही आपल्याकडच्या अर्जांत आणि ईमेलांत तो मला आठवड्यातून एकदा तरी भेटतो.

‘हार्ड’चे प्रकरण जास्त धोक्याचे. ‘हार्डली’ हा शब्द आहे, पण त्याचा अर्थ ‘जेमतेम, जवळजवळ नाहीच’ असा आहे. पूर्वी तो ‘कष्टाने’ या अर्थाने वापरला जाई. जे कष्टाने होते ते जेमतेमच होते, या वाटेने अर्थ सरकत गेला. ‘अवर वर्कर्स वर्क हार्डली’ हे वाक्य तसेही मोडके आहे, पण खरेदीदाराने त्यातून काही अर्थ काढला तर तो ‘आमचे कामगार जेमतेम काम करतात’ असाच काढेल. यात तुम्ही एकटे नाही. बी.एड. झाल्यावर मी स्वतः एका शाळेत अर्ज केला, त्यात मागील नोकरीबद्दल ‘आय हॅव हार्डली वर्क्ड फॉर थ्री इयर्स’ असे मोठ्या अभिमानाने लिहिले होते. मुलाखतीच्या मंडळातील एका वयस्कर गृहस्थांनी ते वाक्य मोठ्याने वाचले आणि ‘तुमचा प्रामाणिकपणा आवडला’ एवढेच म्हणाले. मी आभार मानून घरी आले. अर्थ मला चार दिवसांनी कळला. ‘लेट’ आणि ‘लेटली’ यांचेही तसेच : ‘द कंटेनर केम लेट’ म्हणजे कंटेनर उशिरा आला, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘निअर’ म्हणजे जवळ आणि ‘निअरली’ म्हणजे जवळजवळ.

तुमच्या ईमेलमधला सर्वांत महागात पडू शकणारा शब्द यांपैकी कोणताच नाही. तो आहे ‘टू’. आपण ‘खूप’ या एका शब्दावर सगळा संसार चालवतो : खूप गोड, खूप आवडते, खूप माणसे, खूप जास्त. इंग्रजीत या ‘खूप’ची वाटणी झालेली आहे. विशेषणापूर्वी ‘व्हेरी’, क्रियापदासोबत ‘व्हेरी मच’ किंवा ‘अ लॉट’, तुलना करताना ‘मच’ : ‘व्हेरी स्वीट’, ‘आय लाइक इट व्हेरी मच’, ‘मच स्वीटर’. ‘टू’ या सगळ्यांहून वेगळा आहे. त्याचा अर्थ ‘हवे त्यापेक्षा जास्त, इतके की अडचण व्हावी’. ‘द टी इज टू हॉट’ म्हणजे चहा इतका गरम की पिता येत नाही. मित्रामित्रांत ‘टू गुड’ म्हणतात ते कौतुकाने, आणि तेथे ते खपते. पण ‘अवर ग्रेप्स आर टू स्वीट’ असे रॉटरडॅममधल्या खरेदीदाराने वाचले, तर विकणारा स्वतःच्याच मालाची तक्रार करतो आहे असे त्याला वाटेल. ‘एनफ’चीही एक खोड येथेच सांगून ठेवते : तो विशेषणाच्या मागून येतो आणि नामाच्या पुढे उभा राहतो. ‘स्वीट एनफ’, पण ‘एनफ शुगर’.

क्रियाविशेषण ओळखता आले तरी ते वाक्यात ठेवायचे कोठे, हा वेगळा प्रश्न आहे, आणि येथेही मराठीची सवय आड येते. मराठीत कर्म आधी येते आणि क्रियापद शेवटी, त्यामुळे ‘आम्ही प्रत्येक घड काळजीपूर्वक तपासतो’ असे म्हणताना ‘काळजीपूर्वक’ कर्म आणि क्रियापद यांच्यामध्ये आरामात बसते. इंग्रजी मात्र क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये सहसा कोणाला बसू देत नाही. ‘दे चेक केअरफुली एव्हरी बंच’ हे त्यामुळे खटकते. ‘दे चेक एव्हरी बंच केअरफुली’ असे लिहावे, किंवा ‘दे केअरफुली चेक एव्हरी बंच’ असे. ऑलवेज, युज्वली, नेव्हर असे वारंवारता सांगणारे शब्द मुख्य क्रियापदाच्या अगोदर आणि ‘इज-आर-वॉज’ यांच्या नंतर येतात : ‘वुई ऑलवेज चेक’, पण ‘वुई आर ऑलवेज रेडी’.

वाक्याच्या शेवटी दोनतीन क्रियाविशेषणे ओळीने येतात तेव्हा तर गंमतच होते. ‘काल रामकुंडावर ती शांतपणे बसली होती’ हा आपला सहज क्रम : आधी काळ, मग स्थळ, मग रीत. इंग्रजीचा सहज क्रम त्याचे आरशातले प्रतिबिंब आहे : ‘शी वॉज सिटिंग क्वाएटली ॲट रामकुंड यस्टरडे’. रीत, स्थळ, काळ. मी वर्गात मुलांना मराठी वाक्य फळ्यावर लिहायला लावते आणि क्रियापदापासून उलटे, उजवीकडून डावीकडे वाचायला सांगते. सगळ्याच वाक्यांना ही युक्ती लागू पडत नाही, पण क्रम डोक्यात बसायला ती पुरेशी आहे.

‘ओन्ली’बद्दल एक शब्द. ‘आय लिव्ह इन नाशिक ओन्ली’ असे आपण म्हणतो, कारण ‘मी नाशिकलाच राहतो’ यातल्या ‘च’ला काहीतरी प्रतिशब्द हवा असे वाटते. हा ‘च’ मराठीचा फार लाघवी प्रत्यय आहे : ‘मीच पेटी भरली’, ‘मी पेटीच भरली’, ‘मी पेटी भरलीच’, एका अक्षराने तीन अर्थ. इंग्रजी बोलताना हे काम बरेचदा आवाजाच्या आघाताने करते, शब्दाने नव्हे. ज्या ठिकाणी ‘फक्त’ असा अर्थ खरोखर अभिप्रेत आहे, त्याच ठिकाणी ‘ओन्ली’ वापरा, आणि तो ज्या शब्दाला मर्यादा घालतो त्याच्या अगदी जवळ ठेवा. बाकीच्या ठिकाणी त्याला गाळून टाका.

विशेषणांच्या बाबतीत मराठी माणसाला दिलासा देणारी एक गोष्ट आहे : इंग्रजी विशेषण लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. ‘चांगला-चांगली-चांगले-चांगल्या’ अशी आवर्तने तेथे नाहीत. ‘गुड बॉय’, ‘गुड गर्ल’, ‘गुड बॉइज’. याच कारणाने तुमचे ‘फाइव्ह किलोज बॉक्स’ चुकले. ‘पाच किलोची पेटी’ यात ‘पाच किलो’ हे सारे पेटीचे विशेषण झाले, आणि विशेषण झाल्यावर त्याला अनेकवचन उरत नाही. ‘अ फाइव्ह-किलो बॉक्स’, ‘अ थ्री-डे कोर्स’. अनेक विशेषणे एकापुढे एक आली तर त्यांचाही क्रम ठरलेला असतो : आधी मत, मग आकार, वय, रंग, मूळ ठिकाण आणि शेवटी नामाला बिलगून ते कशाचे बनले आहे ते. भांडी बाजारातल्या दुकानात ‘तांब्याची जुनी मोठी हंडी’ म्हणा किंवा ‘मोठी जुनी तांब्याची हंडी’ म्हणा, दुकानदाराला कळते. इंग्रजीत ‘अ बिग ओल्ड कॉपर पॉट’ एवढाच क्रम कानाला बरा वाटतो. हे पाठ करू नका. रोज वाचत राहिलात तर कानच सांगू लागतो.

तुलनेचे फारसे लिहीत नाही, कारण तेथे चुका कमी होतात. ‘मोअर बेटर’ म्हणू नये, ‘बेटर’मध्ये ‘मोअर’ आलेलाच आहे. अधिक जोर हवा असेल तर ‘मच बेटर’. मुलाखतीला जाणाऱ्यांनी ‘आय ॲम इंटरेस्टिंग इन धिस जॉब’ म्हणू नये. ‘इंटरेस्टिंग’ म्हणजे ज्याच्यामुळे रस वाटतो ते आणि ‘इंटरेस्टेड’ म्हणजे ज्याला रस वाटतो तो. अंबड-सातपूरच्या कारखान्यांत मुलाखती देऊन आलेली मुले हे वाक्य मला जसेच्या तसे सांगतात. स्वतःला इतके मनोरंजक म्हणवून घेणे पहिल्याच भेटीत बरे दिसत नाही.

राहिला ‘लवकर’. ‘लवकर ये’, ‘लवकर उठ’, ‘लवकर जेव’ या तीन आज्ञांत मराठी शब्द एकच, पण पहिल्यात थोड्या वेळात असा अर्थ आहे, म्हणून ‘सून’. दुसऱ्यात ठरलेल्या वेळेच्या अगोदर, म्हणून ‘अर्ली’. तिसऱ्यात कमी वेळ घेऊन, म्हणून ‘क्विकली’ किंवा ‘फास्ट’. उत्तर लवकर पाठवा म्हणताना आपल्याला टायपिंगचा वेग वाढवायचा नसतो, वाट पाहण्याचा काळ कमी करायचा असतो. तेथे ‘सून’.

तुमचा ईमेल आता असा होईल : “अवर ग्रेप्स आर व्हेरी स्वीट. अवर वर्कर्स वर्क हार्ड. दे चेक एव्हरी बंच केअरफुली अँड पॅक इट वेल इन अ फाइव्ह-किलो बॉक्स. प्लीज रिप्लाय सून.” व्याकरणाने तो आता निर्दोष आहे. तरी पाठवण्यापूर्वी दोन बदल करा असे मी सुचवीन. ‘व्हेरी स्वीट’ऐवजी तुमच्या मालाचा ब्रिक्सचा, म्हणजे रसातला गोडवा मोजणारा, आकडा लिहा, कारण द्राक्षे घेणारा मनुष्य विशेषणावर नव्हे, आकड्यावर भाव ठरवतो. आणि ‘प्लीज रिप्लाय सून’ हे अनोळखी खरेदीदाराला थोडे दटावल्यासारखे वाटते, त्याच्या जागी ‘वुई लुक फॉरवर्ड टू युअर रिप्लाय’ एवढे पुरे. त्या वाक्यात क्रियाविशेषण शोधा आणि सापडले तर मला कळवा. इशारा म्हणून सांगते, ते ‘लुक’ला चिकटलेले आहे आणि त्याला ‘एलवाय’ नाही.